पासवर्ड विसरणारे गृहस्थ

सिडको, नाशिक
२४ नोव्हेंबर २००३

चि. हर्षलराव यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद. आम्ही उभयता ठीक आहोत.

घरात फोन असताना सासरा पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. घरचा फोन बैठकीत आहे, ऑफिसचा प्राचार्यांच्या दाराशी, आणि दोन्हीकडे कान फार. ईमेलचं म्हणाल, तर ज्या भानगडीबद्दल लिहितोय तीच त्याच्या आड येते. पत्र मुद्दाम तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडतोय. घरी आलं तर मीना प्रश्न विचारून भंडावून सोडेल.

खरं तर दिवाळीत तुम्ही आला होतात तेव्हाच बोलणार होतो. पण पाटावर बसलेल्या जावयाला श्रीखंड वाढता वाढता काम सांगायचं, हे काही आपल्याकडे बरं दिसत नाही. आताही हे काम समजू नका. सहज विचारणा समजा.

गणपतीच्या सुमारास आमच्या कॉलेजात इंटरनेटसाठी नवा सर्व्हर बसवला, प्रॉक्सी म्हणतात तो. पूर्वी कोणीही बसावं आणि काहीही पाहावं, असा कारभार होता. आता प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड आहे, आणि तो पासवर्ड दर महिन्याला बदलावा लागतो.

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत. जुने आहेत, कामाला चोख. सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, कॉम्प्युटर चालू करतात, त्याला उदबत्ती दाखवतात, निवांत कपभर चहा घेतात आणि मग कामाला बसतात. दसऱ्यानंतर मात्र त्यांची पंचाईत झाली आहे. पासवर्ड घातला की सर्व्हर म्हणतो, नाव किंवा पासवर्ड चुकीचा. सर्व्हर सांभाळणारा धनराज नावाचा तरुण आहे. तो आपल्या खोलीतून काहीतरी करतो आणि नवा पासवर्ड देतो. मग दिवसभर सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बाकी कोणालाही हा त्रास नाही.

तर सर्व्हरमुळे असं होऊ शकतं का? की माणूसच पासवर्ड विसरत असावा? दोन ओळींत कळवलंत तरी चालेल. घाई काही नाही.

आपला
धोंडीराम लहामगे


पुणे
३ डिसेंबर २००३

ती. स्व. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं इनलँड लेटर ऑफिसच्या टेबलावर पडलं आणि आमच्या खोलीतले सगळे गोळा झाले. एकीनं तर हात लावून पाहिलं. दिवसभर दुसऱ्यांचे ईमेल दुरुस्त करणाऱ्या माणसाला पोस्टानं पत्र येतं, याची फार मजा वाटली सगळ्यांना. मला तर फारच बरं वाटलं. आणि जावयाला काम सांगत नाहीत वगैरे सोडा हो. मी पोटापाण्यासाठी हेच तर करतो.

प्रॉक्सी म्हणजे कॉलेजच्या फाटकावरचा वॉचमन. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला तो विचारतो, तू कोण? खूण सांग. खूण चार-पाच वेळा चुकली की तो त्या नावाच्या माणसाला सोडणंच बंद करतो. मग खूण बरोबर सांगितली तरी ऐकत नाही. धनराज बहुधा हे बंद झालेलं नाव रोज उघडून देत असणार.

आता प्रश्न असा की चुकीची खूण देतं कोण? त्या गृहस्थांच्या कॉम्प्युटरमध्ये आपणहून इंटरनेटवर जाणारा एखादा प्रोग्रॅम आहे का, तेवढं पाहून कळवा. आणि त्यांना एक करायला सांगा. एक दिवस स्वतःचा कॉम्प्युटर चालूच करायचा नाही. सकाळी थेट दुसऱ्याच्या जागेवर बसायचं आणि तिथून पासवर्ड घालून पाहायचा. चालला तर माणूस निर्दोष, मशीन दोषी. नाही चालला तर मात्र माणसावर संशय घ्यायला हरकत नाही.

उदबत्तीबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. आमच्याही सर्व्हरवर मॅनेजरनं गणपती चिकटवलाय.

तुमचा
हर्षल


सिडको, नाशिक
१९ डिसेंबर २००३

चि. हर्षलराव यांस,
अनेक आशीर्वाद. पत्र पावलं. वॉचमनचं चांगलं समजलं.

त्या गृहस्थांना तुमचा उपाय सांगितला. ते दुसऱ्याच्या जागेवर बसायला तयार नाहीत. त्यांची अडचण अशी की सकाळी दुसऱ्याला उठवून त्याच्या खुर्चीत बसायचं म्हणजे आणखी एका टेबलासमोर शोभा करून घ्यायची. आधीच ऑफिसात रोज नऊ-साडेनऊला हशा पिकतो. धनराज दारातूनच विचारतो, "काय भाऊसाहेब, झालं का परत?" लहानू शिपाई, ज्याला त्यांनीच कामाला लावलं, तो परवा म्हणाला, "हातावर लिहून ठिवा ना भाऊसाहेब. माझ्या पोराला पाढे येत नाय, तो तसंच करतो." लहानू मनाचा वाईट नाही. पण सगळे हसले.

आपणहून इंटरनेटवर जाणारं काही त्यांच्याकडे नाही. विद्यार्थ्यांचे अर्ज पाठवायचा एक जुना प्रोग्रॅम तेवढा फक्त त्यांच्याच मशीनवर आहे. तो कॉम्प्युटरबरोबर चालू होतो आणि कोपऱ्यात पडून असतो. अर्ज पाठवायचे असतील तेव्हाच त्याच्याकडे पाहायचं, एरवी त्याचा उपद्रव नाही.

ते गृहस्थ एके काळी स्मरणशक्तीसाठी नावाजलेले होते. पेठ, हरसूलकडची जुनी मुलं दाखला मागायला आली, की तोंड पाहून गाव आणि वर्ष सांगायचे. म्हणून विचारतो. या वयात माणसाची आठवण अशी एकाएकी जाते का? फक्त एका गोष्टीपुरती जाते, की तिथून सुरुवात होते? तुमच्या कामात नाना तऱ्हेचे लोक भेटत असतील. तुमचा अनुभव काय आहे ते कळवा. त्या गृहस्थांना तेवढीच चिंता आहे.

मीनाला यातलं बोलू नका.

आपला
धोंडीराम


पुणे
२८ डिसेंबर २००३

ती. स्व. मामांना नमस्कार.

वर्षअखेरीची मारामारी चालू आहे, म्हणून घाईत लिहितोय. पत्र धावतंच वाचलं, राग मानू नका.

दुसऱ्या जागेवर बसून पाहायलाही तयार नाहीत म्हणता, म्हणजे त्या गृहस्थांना मनातून उत्तर माहीत आहे. मामा, असे रोज दहा फोन येतात मला. "काल चालत होता हो, आज चालत नाही." आम्ही तक्रारीच्या कागदावर लिहून टाकतो, मशीन ठीक, माणूस बदला.

त्यांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, संध्याकाळी घर सापडतं ना? सापडत असेल तर सन्मानानं घरी बसा म्हणावं. नातवंडं खेळवा. निदान त्यांची नावं तरी दर महिन्याला बदलत नाहीत.

संक्रांतीला येणं जमेल असं वाटत नाही. मीना तिळगूळ कुरियरनं पाठवते आहे.

तुमचा
हर्षल


सिडको, नाशिक
५ फेब्रुवारी २००४

चि. हर्षलराव यांस,
अनेक आशीर्वाद. तिळगूळ पोचला. एक लाडू फुटला होता, बाकी शाबूत.

एक बातमी द्यायची आहे. एकतीस जानेवारीपासून मी नोकरीतून मोकळा झालो. निवृत्तीला अवकाश होता, पण स्वेच्छेनं अर्ज दिला. रजा पुष्कळ शिल्लक होती, ती नोटिशीत धरली आणि संस्थेनंही अडवलं नाही. निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. प्राचार्यांचं भाषण विनोदी झालं. लोक पोट धरून हसले, मीही हसलो.

मीनाला तुम्हीच सांगा. माझी प्रकृती उत्तम आहे, हे आधी सांगा आणि बातमी नंतर. तिच्या आईला मी सांगितलं, की आता कंटाळा आला. तिनं विचारलं, सकाळी कोणती भाजी खाल्लीत?

जाता जाता, त्या गृहस्थांचाही प्रश्न मिटला. तुमचा सल्ला त्यांना पोचवला. त्यांनी मानला.

कळावे, लोभ असावा.

आपला
धोंडीराम


पुणे
१३ फेब्रुवारी २००४

ती. स्व. मामांना साष्टांग नमस्कार.

पत्र कसं लिहू ते कळत नाही. तीन वेळा फोन केला. मामी म्हणाल्या, तुम्ही देवळात गेलात. तिन्ही वेळा देवळातच होतात का?

मी मूर्ख माणूस आहे. तुमचं पत्र वाचून मला खरंच वाटलं, की कंटाळून सोडली असेल नोकरी. घरी गेलो आणि मीनाला म्हणालो, अभिनंदन, अण्णा सुटले. म्हणाली, "अण्णा? कंटाळले? रविवारीसुद्धा कॉलेजवर चक्कर मारून येणारा माणूस?" मग तिनं विचारलं, तुमचं मध्ये काही बोलणं झालं होतं का. मी नाही म्हणालो आणि मग माझाच चेहरा पडला असणार. तिनं माझ्या बॅगेतून तुमची पत्रं काढली.

पहिल्या पत्रात उदबत्तीपाशी येऊन ती थांबली. म्हणाली, "हे अण्णाच." मग मी तुम्हाला काय उत्तरं दिली ते तिनं विचारलं. मला माझं डिसेंबरचं पत्र शब्दन् शब्द आठवत होतं. ते तिला म्हणून दाखवलं. घर सापडतं का, हे मी तुम्हाला विचारलं! ज्या माणसानं लग्नात माझे पाय धुतले, त्याला मी लिहिलं, की माणूस बदला. मीना दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. बोलली असती तर जरा बरं वाटलं असतं.

मामा, तुम्ही "मला होतंय" एवढं लिहिलं असतंत, तर मी दुसऱ्या दिवशी नाशिकला आलो असतो. पण तसं म्हणायलाही मला तोंड नाही. परक्या माणसाबद्दल असेल तर काहीही लिहावं, असं थोडंच आहे.

आता तरी सगळं खरं सांगा. डॉक्टरांकडे जाऊ, एवढंच मीना त्या दिवशी म्हणाली. काय झालं होतं?

तुमचा
हर्षल


सिडको, नाशिक
२३ फेब्रुवारी २००४

चि. हर्षलराव यांस,
आशीर्वाद.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. खोटं मी बोललो होतो. माणूस पाठ फिरवून उभा राहिला आणि पाठीत धपाटा बसला, तर मारणाऱ्याचा दोष किती? आणि तिन्ही वेळा देवळात नव्हतो. एकदा गच्चीवर होतो.

खरं विचारलंत तर सांगतो. माझी आई, भागीबाई, घोटीजवळच्या आमच्या गावी वारली तेव्हा मी पस्तिशीचा होतो. शेवटची दोन वर्षं ती मला ओळखत नव्हती. मला भाऊजी म्हणायची आणि डोक्यावर पदर घ्यायची. तिची सुरुवात किती बारीक होती! मिठाची बरणी कुठं ठेवली, ते आठवेना. मग भात शिजत घातला की नाही, ते. आम्ही भावंडं सुरुवातीला हसायचो हो. फार हसायचो.

दसऱ्यानंतर पासवर्डचं सुरू झालं तेव्हा मी पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. मग लहानू म्हणाला तसं खरंच लिहून ठेवायला लागलो. हातावर नाही, बसच्या पासच्या मागं. धनराजनं नवा पासवर्ड दिला, की तिथल्या तिथं लिहायचा आणि त्याच्यासमोर घालून पाहायचा. दुसऱ्या दिवशी तोच पास समोर ठेवून एकेक अक्षर बघून घालायचो. तरी चुकीचा. म्हणजे मी स्वतः लिहिलेलंही मला नीट लिहिता आलं नाही, की दुसरंच काही लिहिलं आणि विसरलो? त्या दिवसापासून मी ऑफिसात मान वर केली नाही. दाखला मागायला हरसूलची एक मुलगी आली, तिचं गाव मला तोंड पाहून कळलं. तरी मी तिला विचारलं. चुकलो असतो तर, अशी भीती वाटली.

तुमचं पत्र आलं तेव्हा अर्ज आधीच खिशात होता. तुमच्या पत्रानं फक्त तो बाहेर काढला. लोकांनी हात धरून उठवण्याआधी आपण उठावं, असं वाटलं.

मीनाच्या आईला यातलं काही माहीत नाही. तिला कळू द्यायचं नाही. तिनं सासूची दोन वर्षं उष्टीखरकटी काढली आहेत. पुन्हा तेच तिच्या नशिबी आहे, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

तर डॉक्टर नको. कळून काय करायचं?

बाकी काय लिहू? काल भाजीबाजारात लहानू भेटला. माझ्या जागी उज्वला म्हणून एक मुलगी हंगामी घेतली आहे. तीही म्हणे पासवर्ड विसरते, रोज सकाळी. धनराज वैतागलाय आणि प्राचार्य म्हणालेत, महिनाअखेरीपर्यंत पाहू. तिशीची पोर! हल्लीच्या मुलांचं कामात लक्षच नसतं. आम्हाला निदान वयाचं निमित्त होतं.

आपला
धोंडीराम


पुणे
१ मार्च २००४

मामा,

नमस्कार वगैरे नंतर. तुम्ही काहीही विसरलेला नाहीत.

तुमच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद मी ऑफिसात उभ्यानं वाचला आणि तिथंच हे पत्र लिहायला घेतलं. माणूस बदलला तरी तक्रार तीच, तर तक्रार माणसाची नाही. खुर्चीत तुम्ही बसा, उज्वलाताई बसोत, नाहीतर प्राचार्य बसोत, रोज सकाळी हेच होणार.

तो अर्जांचा जुना प्रोग्रॅम. तो कोपऱ्यात पडून नसतो. कॉम्प्युटर चालू झाला की तो लगेच इंटरनेटवर जायला बघतो. वॉचमन खूण विचारतो. गणपतीत प्रोग्रॅम नव्या सर्व्हरला जोडला, तेव्हा कोणीतरी त्यात तुमचं नाव आणि त्या वेळचा पासवर्ड एकदाच घालून ठेवला असणार. पुढं महिना झाला, सर्व्हरनं तुम्हाला पासवर्ड बदलायला लावला. तुम्ही बदललात. प्रोग्रॅमला कोण सांगणार? तो असल्या सर्व्हरच्या आधीच्या जमान्यातला आहे. खूण चुकली, तर माणसाला नवी विचारावी, हे त्याला येतच नाही. तो गुपचूप जुनीच खूण पुन्हा पुन्हा देत राहतो. तुमची उदबत्ती आणि चहा होईपर्यंत त्यानं तुमच्या नावानं पाच वेळा चूक केलेली असते आणि वॉचमननं तुमचं नाव बंद केलेलं असतं. मग तुम्ही येऊन बरोबर पासवर्ड घालता आणि तो म्हणतो, चुकीचा. पासच्या मागं तुम्ही लिहिलेलं प्रत्येक अक्षर बरोबर होतं, मामा.

धनराज नाव उघडून देतो तेव्हा प्रोग्रॅमची धडपड संपलेली असते, म्हणून दिवस नीट जातो. उज्वलाताई आल्यावर त्यानं त्यांचं नाव प्रोग्रॅममध्ये घातलं असणार, मग नव्या माणसाला पहिल्याच दिवशी लावतो तसा सर्व्हरनं त्यांनाही पासवर्ड बदलायला लावला. पुन्हा तेच.

आता सगळ्यात लाजिरवाणं. हे तुम्ही मला डिसेंबरातच लिहिलं होतं. कॉम्प्युटरबरोबर चालू होतो, फक्त त्यांच्याच मशीनवर आहे, असं स्पष्ट. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर समोर होतं आणि मी ते धावतं वाचून विनोद करत बसलो. दुसऱ्या कुणाचं असतं तर चूक झाली म्हणालो असतो. तुमची नोकरी गेली, चार महिने तुम्ही त्या भीतीत काढलेत. माझ्या कामाची मला कधी इतकी लाज वाटली नव्हती.

मी उद्या चेन्नईला निघतोय, दोन आठवडे. नाहीतर स्वतः आलो असतो. पण तपासायला माझी गरज नाही. सकाळी कॉम्प्युटर चालू करण्याआधी त्याच्या मागची इंटरनेटची वायर काढायची. मग चालू करायचा. घड्याळाजवळ त्या प्रोग्रॅमचं चित्र दिसेल, तो बंद करायचा. वायर परत लावायची आणि पासवर्ड घालायचा. एवढंच. आणि धनराजला सांगा, तेवढ्या प्रोग्रॅमला, त्या एकाच मशीनवरून, त्याच्या ठरलेल्या पत्त्यावर जाताना नाव विचारायचं नाही, असा नियम सर्व्हरवर घाल. त्याच्यात साठवलेला पासवर्ड काढून टाक. त्याला समजेल.

फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्ही फोनवर येत नाही आणि मामींना कळू द्यायचं नाही म्हणता.

मामा, जा. त्या ताईंसाठी तरी जा.

तुमचा
हर्षल


सिडको, नाशिक
१५ मार्च २००४

चि. हर्षलराव यांस,
अनेक आशीर्वाद. चेन्नईहून सुखरूप आला असाल.

तुमचं पत्र वाचलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आधी उज्वलाचाच विचार मनात आला. न पाहिलेल्या पोरीबद्दल मी लिहून मोकळा झालो होतो, की कामात लक्ष नसतं. मला जे चार महिने टोचत होतं, तेच मी तिला टोचलं, तेही घरी बसून, चहा पिता पिता. तुम्ही एकटेच लाजू नका. वाटा माझाही आहे.

एवढं असूनही मी लगेच गेलो नाही. पत्र खिशात घालून दोनदा कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. आत कोणत्या तोंडानं जायचं? निरोप घेतलेला माणूस, शाल पांघरून गेलेला, परत येऊन म्हणणार, की तेव्हा मी बरोबर होतो? लोक म्हणतील, म्हातारा अजून तेच धरून बसलाय. शेवटी लहानूनंच फाटकाशी गाठलं. म्हणाला, "भाऊसाहेब, त्या बाईची आज लय खरडपट्टी काढली सायबानी. रडत व्हती बाथरूममधी." मग ठरवलं, उद्या सकाळी आत जायचंच.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू व्हायच्या आधी हजर झालो. उज्वला म्हणजे किरकोळ अंगाची, चष्म्याची पोर. मला पाहून उठून उभी राहिली आणि माझी खुर्ची पुढं केली. मी म्हटलं, बसा, खुर्ची तुमची आहे. टेबलावर उदबत्तीचं घर तसंच होतं. म्हणाली, "तुमचं होतं ना सर, म्हणून मी पण रोज लावते." पोरीनं माझा पासवर्डचा घोटाळाही पुढं चालवला आणि माझी उदबत्तीही.

हळूहळू सगळे आले. मी धनराजला बोलावलं, प्राचार्यांना निरोप दिला. सगळ्यांसमोर बोलायचं ठरवून गेलो होतो. मग म्हणालो, "मी गेलो ते कंटाळून नाही. मला वाटलं, मला वेड लागत चाललंय. तुम्ही हसलात, त्यात तुमची चूक नाही, मीसुद्धा तेच धरून चाललो होतो. पण या मुलीला हसू नका. तिची चूक नाही. माझीही नव्हती." एवढं बोलून मी टेबलाखाली वाकलो आणि मागची वायर काढली. वाकलो ते बरं झालं, तोंड लपलं.

तुम्ही लिहिलं तसं सगळं केलं. वायर लावली, उज्वलाला म्हटलं, घाला पासवर्ड. तिनं एकेक अक्षर बघून दाबलं. पहिल्या झटक्यात उघडलं. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. धनराजनं वाकून ती वायर पाहिली. मग म्हणाला, "भाऊसाहेब, माझ्या खोलीतून तुमचा पासवर्ड चालायचा. मला वाटायचं तुम्हीच… आधी बघायला पाहिजे होतं मी." मी म्हटलं, माझे जावईही हेच म्हणतात. तुम्ही सांगितलेला नियम त्यानं दुपारच्या आत घातला. त्याला तो खरंच समजला. लहानू माझ्यासाठी चहा घेऊन आला आणि कप ठेवून तसाच उभा राहिला. त्याला काय म्हणायचं होतं, ते मला कळलं. मी चहा पिऊन टाकला.

प्राचार्य खोलीत घेऊन गेले. म्हणाले, संस्थेशी बोलून तुमचा अर्ज मागं घेता येतो का पाहू. खोटं कशाला बोलू, मन हललं. पण बाहेर उज्वला माझ्या खुर्चीत बसून पहिल्यांदा निवांत काम करत होती, ती हंगामी आहे आणि मी परत आलो, तर घरी जाणार ती. मी म्हटलं, तिला कायम करा. ते पाहतो म्हणाले. मी दर आठवड्याला जाऊन विचारणार आहे. आता फाटकातून आत जायला मला लाज वाटत नाही.

घरी आलो आणि मीनाच्या आईला सगळं सांगितलं. पासवर्ड, बसचा पास, आईची भीती, तुमची पत्रं, सगळं. वाटलं होतं, तिला प्रॉक्सी म्हणजे काय तेच समजावत बसावं लागेल. ती भाकरी थापत होती, थांबली. म्हणाली, "मला काय येडी समजता? दसऱ्यापासून बघते मी. दिवाळीत पोरीला नावानं हाक मारायच्या आधी थांबायचे तुमी. रातच्याला घोकायचे काहीबाही. मी रोज इचारायची, सकाळी कोणची भाजी खाल्ली, ते काय उगं नाय इचारत व्हते."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"काय बोलू? सासूबाईंचं मी समदं केलंय. तुमचंबी केलं असतं. त्याचं काय नाय. पन एक दिस मलाबी इसरून जाल, ह्या भ्यानं माझा जीव जात व्हता." आणि पिठाचे हात तसेच डोळ्यांना लावून ती रडली.

हर्षलराव, ऑफिसात जी लाज वाटली ती काहीच नव्हती. आपल्याला जे होतंय ते हिला कळू नये, म्हणून मी जपत होतो, आणि ही बाई चार महिने माझ्यासमोर बसून एकटीच भीत होती. तिचं तोंड पाहून ते मला कळलं नाही.

राहिलेल्या भाकरी मी थापल्या. वाकड्या झाल्या. दोघांनी खाल्ल्या.

मीनाला आता सगळं सांगा, आणि तुमच्याशी बोलायला लागली असेल, तर तिच्या आईला फोन करायला सांगा. फोन मीच उचलेन.

आपला
धोंडीराम